एकमताचं पाणी

तिसऱ्या पेल्यातलं पाणी कडू होतं. फार नव्हे. घोट तोंडात होता तोवर काहीच नव्हतं. तो थुंकून टाकल्यावर जिभेच्या पार मागं, घशाच्या तोंडाशी काहीतरी बसून राहिलं. पाहुणा उठून गेल्यावर त्याचं एखादं वाक्य टोचत राहावं तसं. त्यानं पावाचा कोरडा तुकडा चघळला, चूळ भरली, नियमाप्रमाणे जरा थांबला आणि पुन्हा घोट घेतला. पुन्हा तेच. तिन्ही बाजूंना पांढऱ्या फळ्या होत्या, वर तांबडा दिवा. पाण्याचा रंग दिसून जिभेचं आधीच मत होऊ नये म्हणून तो तांबडा. समोरच्या लहानशा झडपेतून पेले आत सरकत आणि रिकामे होऊन बाहेर जात. शेजारच्या खणात कुणीतरी दोनदा चूळ भरली. ती शिक्षिका होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती इथं आली होती आणि चूळ भरतानाही ती वर्गाला गप्प करत असल्यासारखी वाटे. दोनदा का भरली, असा प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला. आला तसा गेला. मग घंटा वाजली आणि सहाही जण आपापल्या खणातून बाहेर येऊन गोल टेबलाभोवती बसले.

शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्यातली ही खोली. यंत्रं पाण्यातलं सगळं मोजत, पण लोक पाणी यंत्रानं पीत नाहीत, जिभेनं पितात. म्हणून ही सहा माणसं. त्यांना पॅनेल म्हणत. पॅनेलची प्रमुख बाई स्वतः आकडा देत नसे, फक्त ऐकत असे. ती पेल्याचा क्रम पुकारी आणि प्रत्येकानं आपला आकडा तोंडी सांगायचा. शून्य म्हणजे पाण्याला पाण्याखेरीज कसलीही चव नाही. "तिसरा?" बाईनं विचारलं. "शून्य," शिक्षिका म्हणाली. "शून्य," तिच्या शेजारचा म्हणाला. "शून्य." आणि मग त्याची पाळी आली, आणि त्याच्या कानांनी त्याच्याच तोंडातून आलेला शब्द ऐकला: "शून्य." राहिलेल्या दोघांनी तोच शब्द पुढं नेला, बाईनं मान हलवली, आणि शहराच्या पूर्वेकडच्या टाकीचं पाणी निर्मळ ठरलं.

कडवटपणानं तो दचकला नव्हता. पाण्यात कधीमधी काही उतरतं, त्यात नवल नाही. तो दचकला त्या शब्दानं. शब्द उच्चारायच्या आधी आपण खोटं बोलायचं ठरवलं होतं का, हे तो आठवू लागला, आणि त्याला असं काही ठरवल्याचं आठवेना. भीती वाटली नव्हती. लाज वाटली नव्हती. जीभ कडू म्हणत होती आणि त्याच जिभेनं शून्य म्हटलं, मधे कुणी उभंच नव्हतं. दारावर माणूस नसलेल्या इमारतीत कुणीही यावं आणि जावं, तसं.

इथं नवा असताना असं नव्हतं. तेव्हा एकदा त्याला एका पेल्यात ओल्या पुठ्ठ्याचा वास आला होता, आणि तो मोठ्या तोऱ्यात "चार" म्हणाला होता. बाई रागावली नाही. ती म्हणाली, "तुमची जीभ तुमच्या घरी. इथं जीभ एकच आहे, तिचे तुकडे सहा माणसांच्या तोंडात ठेवलेत, एवढंच." मग तिनं त्याला साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, औषधी कडू द्रावणाचं पाणी पाजून पाजून इतरांच्या रांगेत आणून बसवलं. सगळ्यांना जे दोन वाटतं ते त्याला दोन वाटेपर्यंत. सुरुवातीला तो इतरांचे चेहरे वाचून आकडा सांगे; मग चेहरे वाचावे लागेनात. आणि खरं सांगायचं तर त्यात सुख होतं. पहिल्यांदा सहाही जणांनी एकामागून एक तोच आकडा उच्चारला, त्या दिवशी त्याला थंडीत एकाच मोठ्या गोधडीखाली झोपलेल्या भावंडांसारखं वाटलं होतं: पाय कुणाचे, ऊब कुणाची, काही कळू नये असं. पुढं त्याचा आकडा कधी चुकलाच नाही. इतरांचा अर्धा-एक इकडंतिकडं होई, त्याचा नाही. ताजव्याचा काटा जसा मधोमध उभा असतो तसा हा, म्हणून पॅनेलमध्ये त्याला सगळे काटा म्हणू लागले. त्याला ते नाव आवडे. बायकोलाही त्यानं ते कौतुकानं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "काटा मधोमध असतो, कारण दोन्ही पारडी रिकामी असतात."

संध्याकाळी तो घरी निघाला तेव्हा कडवटपणा अजून होता, किंवा त्याची आठवण होती. या दोहोंत फरक काय हे त्याला नीट सांगता आलं नसतं. दुकानांच्या काचांमधून त्याच्यासारखीच माणसं त्याच्या बरोबरीनं चालत होती. घरी बाबांची बॅग दाराशी उभी होती. बाबा म्हणजे त्याचे वडील. आयुष्यभर शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतण्याचं काम केलेला माणूस. दहा पदरी कापडाच्या थरातून त्यांची कात्री जाई आणि दहाही सदरे एकसारखे निघत. आता हात कापत. मधे न्हाणीघरात पडले, तेव्हापासून चालताना भिंतीला विचारून पाऊल टाकत. तीन मुलांकडं ते पाळीपाळीनं राहत: थोरली ताई, मग हा, मग धाकटा. आणि येत्या रविवारी त्यांना शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात सोडायचं होतं. खोली ठरली होती. खिडकीतून झाडं दिसतात, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगून झालं होतं.

"काय बेत केलाय बघ," बाबा बॅगेकडं बोट दाखवून म्हणाले. "दोन सदरे वर, लोकरीचं खाली. तुझ्या बायकोनं भरली. हात चांगलाय तिचा." मग जरा थांबून हसत म्हणाले, "पण मला एका गोष्टीचा आनंद आहे हां. तुम्हा तिघांचं एकमत झालं. लहानपणी एका चेंडूवरून डोकी फोडायचात. तुमची आई म्हणायची, हे तिघं माझ्या तिरडीच्या बाजूंवरूनही भांडतील."

तो हसला. हसता हसता त्याला ते कडू पुन्हा लागलं. आणि पाण्याचा नमुना पुन्हा तोंडात घोळवावा तसा त्यानं त्या दिवसाचा प्रसंग घोळवायला घेतला, ज्या दिवशी हे ठरलं. ताईचं घर. टेबलावर चहा, बिस्किटं. बाबा आतल्या खोलीत झोपलेले. आधी कोण बोललं? धाकटा म्हणाला होता, "असं एक ठिकाण आहे म्हणे. चांगलं आहे म्हणे." म्हणे. ताई म्हणाली होती, "तुम्हाला दोघांना योग्य वाटत असेल तर मी कोण आड येणारी?" तो स्वतः म्हणाला होता, "माझी काही हरकत नाही." मग धाकट्याची बायको म्हणाली, "बाबांनाही सोबत मिळेल," आणि सगळ्यांनी एकदम मान हलवली, आणि ताईनं बिस्किटांची बशी पुढं केली. एवढंच. त्यानं दुसऱ्यांदा घोट घेतला, तिसऱ्यांदा घेतला. कुठंही कुणी "मला हवंय" असं म्हटलं नव्हतं. निर्णय तर झाला होता. पण तो कुठल्या खुर्चीत बसला होता ते सापडेना. चार जणांच्या खोलीत पाचवं कुणीतरी होतं, आणि ते बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर त्यानं शिक्षिकेला बसथांब्यावर गाठलं. ती छत्रीच्या टोकानं फरशीतली माती उकरत उभी होती.

"बाई, एक विचारू? कालचा तिसरा पेला..."

"कडू होता," ती म्हणाली. इतक्या सहज, की त्याला आपलं ऐकण्यात चुकलं असं वाटलं.

"म्हणजे तुम्हाला लागला?"

"मेलेलं नाही माझं तोंड. दोनदा चूळ भरली मी."

"मग शून्य का म्हणालात?"

"अहो काटेसाहेब," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही शून्य म्हणणार हे मला ठाऊक होतं. मग मी उगाच दीडशहाणी कशाला ठरू?"

"पण तुम्ही माझ्या आधी बोललात! मी तर तुमचं ऐकून..."

"तेच ते," ती म्हणाली. "मी तुमचं आधीच ऐकलं, तुम्ही माझं नंतर ऐकलंत. वर्गात हेच व्हायचं. समजलं का विचारलं की सगळा वर्ग हो म्हणायचा. एकेकाला उभं केलं की एकालाही येत नसायचं. पण वर्गाला समजलेलं असायचं!" ती आपल्याच बोलण्यावर खुदकन हसली, आणि बस आली तशी चढून गेली.

तो पॅनेलच्या प्रमुख बाईच्या खोलीत परत गेला. बाई पेले पुसत होती. ते काम ती कुणाला देत नसे. त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, जशी आकडे ऐके तशी.

"मलाही लागलं," ती म्हणाली. "चाखून बघते मी, नेहमीच. पण मी पॅनेलमध्ये नाही."

"म्हणजे सगळ्यांनाच लागलं असणार. बाकीच्यांनाही."

"असेल."

"मग पॅनेल चुकलं!"

"पॅनेलला कडू लागलं नाही," बाई म्हणाली. "पॅनेलमधल्या माणसांना लागलं. ही वेगळी गोष्ट आहे." तिनं पेला उजेडासमोर धरला. "तुम्हाला पटत नाहीये. पण तुम्हीच सांगा, कारखाना संपावर जातो तेव्हा कोण जातं? घरी बसून सगळे कामगार म्हणत असतात, संप नको होता. तरी भोंगा वाजत नाही. वाजत नाही तो नाहीच ना वाजत?"

"पण हे पाणी लोकांनी प्यायलं."

"प्यायले. काही झालं नाही. झाडांचा पाला कुजला असेल वरच्या धरणात, विष नव्हे ते. कुणाची तक्रार नाही आली." मग तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी मऊ, थोडी थकलेली कुठलीतरी तार वाजली. "आणि तक्रार का येत नाही, माहितेय? घरात एकाला कडू लागतं. तो दुसऱ्याला विचारतो. दुसरा म्हणतो, छे, खात्यानं तपासलेलं पाणी आहे."

हे ऐकून त्याला खरं तर हताश व्हायला हवं होतं. पण झालं उलटंच. त्याच्या मनात एक कसली तरी धांदल उडाली. इथं असं असेल तर तिथंही असेल. तिघांच्या, नव्हे सगळ्यांच्याच तोंडात कडू असेल आणि बॅग मात्र दाराशी उभी असेल. बस, एकेकाला उभं करायचं. शिक्षिकेनं किल्ली हातात दिली होती.

धाकट्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून डोळे तपासत होता. भिंगं बदलत विचारत होता, "आता बरं दिसतं का आधी बरं दिसत होतं?" म्हातारा गोंधळून म्हणाला, "तुम्ही सांगा." धाकटा वैतागला, "अहो आजोबा, डोळे तुमचे!" गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं भावाकडं पाहिलं. "दादा, तू इकडं कसा? काही राहिलंय का रविवारचं?"

"तुला बाबांना तिथं ठेवायचंय?"

धाकटा हातातलं भिंग फडक्यानं पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत राहिला. "मला कशाला ठेवायचंय? माझ्या पोरांना सांभाळतात ते. ताईची पाठ गेली ना, तिला उचलणं होत नाही. ती स्वतःहून बोलणार नाही, तुला ठाऊक आहे तिचा स्वभाव. म्हणून मी विषय काढला. वाईटपणा घेतला." मग घाईघाईनं, "तिला सांगू नकोस हां."

ताईला त्यानं फोन केला. "माझी पाठ? माझी पाठ काय, आईला उचललं तेव्हापासून गेलेलीच आहे. मला वाटलं तुझ्या बायकोला जड जातंय. सुनेला कोण विचारतं? म्हटलं, आपण आड येऊ नये. मी दोन रात्री रडले, तुला सांगते." आणि बायको, भांडी विसळताना, नळ बंद करून त्याच्याकडं वळली. "मला जड जातंय? मी कधी म्हटलं? तू येऊन सांगितलंस, आमचं ठरलं. आमचं! मी बॅग भरली. तुम्हा भावंडांच्या मधे मी कोण?" मग नळ पुन्हा सोडत ती म्हणाली, "तुझं काय म्हणणं होतं पण? तिथं तू काय बोललास?" त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याला आनंद झाला होता. कित्येक वर्षांत झाला नव्हता असा, छातीत न मावणारा, थोडा पोरकट. शनिवारभर तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. सगळ्यांना समोरासमोर बसवायचं आणि एकदाच सांगायचं: कुणालाच नको आहे. गाठ अशी सुटते, एक टोक ओढलं की.

रविवारी सकाळी सगळे त्याच्या घरी जमले. ताई कमरेला पट्टा बांधून आली होती. धाकट्यानं गाडी दाराशी लावली, बॅग नेऊन मागं ठेवली. बाबा स्वतः बेतलेला जुना कोट घालून खुर्चीत बसले होते, प्रवासाला निघालेल्या माणसासारखे ताठ. बायकोनं सगळ्यांना चहा दिला. आणि त्यानं सांगितलं. जुळवलेली वाक्यं आली नाहीत, साधंच आलं. "मी सगळ्यांना विचारलंय. ताईला नको आहे. याला नको आहे. हिला नको आहे. कुणालाच नको आहे हे. आपण सगळे एकमेकांसाठी हो म्हणालो."

बोलून झाल्यावर त्यानं वाट पाहिली. टेबलावर कप होते, त्यांतून वाफ निघत होती. कुणीतरी हसेल, ताई रडेल, धाकटा बॅग उतरवायला धावेल, असं काहीतरी त्यानं योजलं होतं. ताईनं धाकट्याकडं पाहिलं. धाकट्यानं वहिनीकडं. आणि त्याला दिसलं, अगदी डोळ्यांनी दिसावं तसं, की प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडावर वाचतोय की आता आपल्याला काय वाटलं पाहिजे. "तुला सांगू नकोस म्हटलं होतं," धाकटा पुटपुटला. "आता?" ताई म्हणाली. "आता सामान गाडीत ठेवून झालं, तिथं लोक वाट बघतायत, आता हे काढतोस?" "मी नको असं नव्हतं म्हटलं," धाकटा म्हणाला, "मला हवंय असं नाही, इतकंच म्हटलं." "तेच रे ते!" "तेच कसं?" आवाज वाढले. धाकटा लाल झाला आणि शेवटी त्याच्याकडंच वळला. "ठीक आहे, दादा. आमचं सोड. एवढं सगळ्यांना विचारत फिरलास. तुला काय हवंय? तुला. एकट्याला. तू ठेवतोस बाबांना? बोल, आत्ता बॅग उतरवतो. शप्पथ."

सगळे त्याच्याकडं बघू लागले. बाबाही. आणि तो आत वळला, खणात शिरून तांबड्या दिव्याखाली बसावं तसा, आणि जिभेवर काय आहे ते पाहू लागला. ताईचं रडणं होतं. धाकट्याचं पुसत राहणं होतं. बायकोचा बंद होऊन पुन्हा सुटलेला नळ होता. त्यानं ते सगळं बाजूला करून, पावाच्या कोरड्या तुकड्यानं पुसून काढावं तसं पुसून, खाली काय उरतं ते पाहिलं. नियमाप्रमाणे थांबला. पुन्हा पाहिलं. इतके दिवस तो ज्याच्या त्याच्या तोंडातलं कडू गोळा करत हिंडला होता आणि त्याला वाटत होतं की ते आपलंच आहे. बाबांनी इथं राहावं असं त्याला वाटत होतं का? बाबांनी जावं असं वाटत होतं? दोन्ही पारडी रिकामी होती. मधे काटा सरळ उभा. त्याच्या नकळत त्याची नजर वर उठली आणि ताईच्या चेहऱ्याकडं गेली, तिथून धाकट्याच्या, तिथून बायकोच्या. मदतीसाठी नव्हे, आकड्यासाठी. बायकोनं ते ओळखलं. तिनं मान फिरवली.

"जरा पाणी दे ग," बाबा सुनेला म्हणाले. त्या शांततेची त्यांना कीव आली असावी. तिनं पेला आणून दिला. कापऱ्या हातानं त्यांनी तो तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि पेला खाली करून जिभेनं टाळू चाचपली. "कडू लागतंय रे पाणी."

"छे," ताई म्हणाली, "साधं तर आहे, मी आत्ताच प्यायले."

"गोळ्यांनी लागतं तसं, बाबा," धाकटा म्हणाला. आवाज आता खाली आला होता, सगळ्यांचाच. विषय बदलल्याची सुटका खोलीभर पसरली. "आणि घरात तज्ज्ञ असताना वाद कशाला? दादा, तू सांग. तुझं तर कामच आहे."

बाबांनी पेला त्याच्यापुढं धरला. पेल्यातलं पाणी थरथरत होतं. त्यानं तो घेतला, घोट तोंडात घोळवला. इथं थुंकायला जागा नव्हती, त्यानं गिळला. आणि जिभेच्या पार मागं, घशाच्या तोंडाशी ते आलं. तेच, त्या दिवशीचं, अजून उतरलेलं नव्हतं. निखालस कडू. या घरात या क्षणी ही एकच गोष्ट त्याला स्वतःला, कुणालाही न विचारता ठाऊक होती, आणि समोर एक म्हातारा माणूस मान पुढं करून, खरं बोलणाऱ्या जिभेला साक्षीदार मिळतो का, याची वाट बघत होता.

"काही नाही, बाबा," त्याच्या तोंडानं म्हटलं. "साधं आहे."

बाबांनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग मान डोलावली, एकमत झाल्यासारखी. "असं होय," ते म्हणाले. "मग माझीच जीभ गेली असेल." आणि खुर्चीचे हात धरून ते उठले, भिंतीला विचारून पहिलं पाऊल टाकलं, आणि कुणी हात द्यायच्या आत गाडीच्या दिशेनं चालू लागले.